कृष्णामाईचे पूर आणि दीपमाळेवरच्या खुणा

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात पहिल्या दिवशी रात्री सभामंडपात केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. एस.एस.सी. झालो आणि पुढे तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो. तेव्हापासून आवक-जावक, दाखले आणि पंचनामे यांतच आयुष्य चालले आहे. आताच महाराजांचे सुश्राव्य कीर्तन झाले. त्यानंतर माझ्यासारख्याने उभे राहणे म्हणजे पुरणपोळीनंतर कुणी भाकरीचा तुकडा पुढे करण्यासारखे आहे. परंतु समितीने सांगितले, की दीपमाळेच्या प्रकरणात तूच सर्वांत जास्त बोललास, तेव्हा लोकांनाही तूच सांग. सबब ही शिक्षा मी आनंदाने भोगत आहे. आपणही थोडा वेळ सोसावी.

आपले गाव संगमाच्या खालचे. वर सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते, आणि मग हे सगळे पाणी आपल्या दारावरून खाली कर्नाटकात जाते. आता गंमत अशी की, आपल्या शिरोळ तालुक्यात पाऊस म्हणावा असा पाऊसच पडत नाही. वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पडला तर आपण चांगले साल म्हणतो. तिकडे गगनबावड्याला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो, म्हणजे आपल्या दहापट. महाबळेश्वरलाही तसाच. म्हणून आपल्याकडे लख्ख ऊन पडलेले असते, बायका वाळवण घालण्याच्या विचारात असतात आणि मळीत पाणी शिरलेले असते. बाहेरगावच्या पाहुण्याला हे खरे वाटत नाही. आभाळाकडे बघून पूर ओळखायची सोय आपल्याला देवाने दिलेली नाही. आपण बघायचे ते दुसऱ्याच्या आभाळाकडे.

जुन्या माणसांना हे माहीत होते. त्यांच्याकडे रेडिओ नव्हता, पण नक्षत्रे होती. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, त्यानंतर आश्लेषा. आपले अलीकडचे मोठे पूर या हिशेबात घालून बघा. २००५ चा पूर जुलैअखेरीस आला आणि ऑगस्टात उतरला, तो म्हाताऱ्याचा. २०१९ चा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातला, तो आश्लेषांचा. २०२१ चा २२ जुलैच्या पावसाने आलेला, तो पुन्हा म्हाताऱ्याचा. म्हातारा पाऊस म्हणजे थकलेला पाऊस असे कुणी समजू नये. २०२१ साली २२ ते २३ जुलै या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आपल्याला वर्षभरात मिळतो तेवढा तिथे एका दिवसात पडला. त्याच पावसात कोकणात चिपळूण बुडाले आणि महाड तालुक्यात तळिये गावावर दरड आली.

कोकणातला पूर आणि आपला पूर यांत फरक आहे, तो समजून घेतला पाहिजे. तिकडे नद्या आखूड, डोंगरावरून सरळ खाली. पाणी रात्रीत येते, माणसाला उठायला वेळ देत नाही, आणि पाऊस थांबला की तितक्याच घाईने जाते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा पुण्यातही तसेच झाले. ते पाणी धरणफुटीचे, आले आणि गेले, पण अर्धे शहर उद्ध्वस्त करून गेले. आपली कृष्णामाई तशी नाही. ती सांगून येते, पायरी-पायरीने चढते, आणि एकदा आली की माहेरवाशिणीसारखी आठ दिवस हलत नाही. सांगलीच्या खाली नदीला उतार फारसा राहिलेला नाही, वळणे खूप, जमीन सपाट. त्यात दोन नद्या एकदम भरल्या तर कृष्णेची फुग पंचगंगेला बसते, पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही आणि मागे कोल्हापूरपर्यंत शेतात पसरते. २०१९ साली पुणे-बंगळूर हमरस्ता शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन जवळजवळ आठवडाभर बंद होता, तो असाच. कुरुंदवाड तर बेट झाले होते.

धरणांविषयी आपल्या पारावर फार चर्चा चालते, म्हणून एक हिशेब सांगतो. कोयना धरणात सुमारे १०५ टी.एम.सी. पाणी मावते. एक टी.एम.सी. म्हणजे शंभर कोटी घनफूट. दर सेकंदाला एक लाख घनफूट, म्हणजे एक लाख क्युसेक, असे चोवीस तास पाणी सोडले तर साधारण साडेआठ टी.एम.सी. पाणी जाते. भरलेले कोयना त्या वेगाने रिकामे करायचे म्हटले तर बारा दिवस लागतील. म्हणजे धरण ही काही मोरी नव्हे, की बुच काढले आणि मोकळी झाली. पूर अडवायचा तर धरणात आधी जागा ठेवावी लागते, आणि जागा ठेवली व पुढे पाऊस आलाच नाही तर उन्हाळ्यात आपणच मोर्चा नेतो. राधानगरीचे सात दरवाजे तर स्वयंचलित आहेत. शाहू महाराजांनी हाती घेतलेले ते धरण भरले की दरवाजे आपोआप उघडतात, कुणाच्या सहीची वाट बघत नाहीत. आमच्या कचेरीत एवढे तत्पर दुसरे काही नाही.

अलमट्टीचे काय, असे आता मागून कुणीतरी म्हणाले. मला ते ऐकू आले. २०१९ नंतर शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने २०२० साली अहवाल दिला, त्यात अलमट्टीवर ठपका ठेवलेला नाही. गावोगाव अनेकांना ते पटलेले नाही, हेही मला माहीत आहे. मी कारकून, निकाल देणारा नव्हे. पण स्वतःच्या डोळ्यांनी बघतो ते एवढे सांगतो, की पूर्वी जिथून पाणी पसरत जायचे तिथे आता रस्त्यांचे आणि पुलांचे उंच भराव आहेत, ओढे बुजवून प्लॉट पडले आहेत, आणि ते प्लॉट काही कर्नाटकवाल्यांनी पाडलेले नाहीत.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तो माझ्या घरचा आहे आणि सांगायला थोडा जड आहे. आमचे आबा इथे खांबाला टेकून बसले आहेत. त्यांना विचारूनच सांगत आहे.

२००५ साली आमच्या घरात पाणी आले तेव्हा मी पंचविशीत होतो. पाणी उतरल्यावर आबांनी सोप्याच्या भिंतीवर गेरूने एक रेघ ओढली आणि खाली साल लिहिले. पुढे चौदा वर्षे ती रेघ आमच्या घरातली मापपट्टी झाली. पाहुणा आला की ती दाखवायची. तिजोरी तिच्या वर बसवली, देव्हारा तिच्या वर नेला. कृष्णामाई याच्यावर यायची नाही, असे आम्ही मनाशी धरून बसलो. गावात बहुतेक घरांत असेच होते.

२०१९ च्या ऑगस्टात मी पूरनियंत्रण कक्षात रात्रपाळीला होतो. काम काय, तर राजाराम बंधाऱ्याची आणि आयर्विन पुलाची पातळी तासातासाने नोंदवहीत लिहायची. राजारामला ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. सांगलीला ४० इशारा, ४५ धोका. हे आकडे मला झोपेतही पाठ आहेत. आईला आम्ही आधीच जयसिंगपूरला बहिणीकडे पाठवले होते. आबा दोन म्हशींसाठी मागे राहिले, त्यातली एक गाभण. रात्री त्यांचा फोन आला. म्हणाले, "काय म्हणतंय पाणी? माल कुठवर ठेवू?" आणि मी, जो तासातासाला पाणी चढत असल्याचे स्वतःच्या हाताने लिहीत होतो, तो त्यांना म्हणालो, "आपल्या रेघेच्या वर एक हात ठेवा, आबा. पुरे होईल."

असे कुठल्याही कागदावर लिहिलेले नव्हते. कुणा साहेबाने मला सांगितले नव्हते. मी भिंतीवरची रेघ डोळ्यांसमोर आणली आणि बोलून गेलो.

सांगलीला २००५ साली पाणी ५४ फुटांना थोडे कमी होते. २०१९ साली ते साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेले. जवळजवळ चार फुटांचा फरक. सपाट मुलखात चार फूट म्हणजे काय, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. आमच्या रेघेच्या वर एक हात ठेवलेला सगळा माल बुडाला. शाळूची पोती फुगून फुटली. आबा माळ्यावर बसून होते. बोट आली तेव्हा ते उतरायला तयार नव्हते. बोटीतल्या तरुणाने त्यांना सांगितले, "आबा, वाडीत पाणी चढलं की दत्तमहाराजांची उत्सवमूर्तीसुद्धा नारायणस्वामींच्या देवळात हलवत्यात. देव जागा सोडतो, तुम्ही का सोडत न्हाई?" त्यावर आबा म्हणाले, "देवाच्या दावणीला म्हशी न्हाईत." बोटीत म्हशी घेता येत नव्हत्या. शेवटी त्यांनी स्वतः पाण्यात उतरून विळ्याने दोन्ही दावी कापली आणि मग बोटीत बसले. एक म्हैस चौथ्या दिवशी पलीकडच्या गावच्या उसात सापडली. गाभण होती ती सापडली नाही.

त्याच आठवड्यात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली. त्या मानाने आमचे काहीच गेले नाही, हे मला समजते. पंचनाम्याच्या नमुन्यात दुभत्या जनावराला रकाना असतो, तो भरला गेला. माझ्या त्या फोनला मात्र रकाना नव्हता. आबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. पाणी उतरल्यावर त्यांनी पुन्हा गेरू कालवला, स्टुलावर चढून नवी रेघ ओढली, साल लिहिले, आणि खाली उतरता उतरता एवढेच म्हणाले, "आता हितनं वर एक हात, असं म्हनू नगंस."

२०२१ ला तिकडे घाटावर पाऊस लागला आहे असे कळताच, आमच्याकडे ओढ्यालाही पाणी नसताना, आबांनी जनावरे हलवली. शेजारी हसले. नंतर पाणी आले, सांगलीला ५५ फुटांच्या जवळ गेले आणि आमच्या घरात कमरेइतके चढले. मागची एक भिंत पडली. पण आबा म्हणाले, "रिकाम्या घरात पानी आलं, त्याला काय पूर म्हनत्यात?"

आता दीपमाळेचे. आपल्या देवळापुढची दीपमाळ जुनी. तिच्यावर तीन खुणा होत्या. सर्वांत जुनी खूण म्हणजे दगडात छिन्नीने मारलेली एक खाच. माझे आजोबा ती १९१४ सालच्या पुराची म्हणून सांगत, त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितले होते. पलीकडच्या आळीतली मंडळी ती त्याच्याही आधीची आहे म्हणतात. दोघांकडेही पुरावा नाही, कारण खाच मारणाऱ्याने साल लिहिलेले नाही. बिचाऱ्याला वाटले असेल, एवढा मोठा पूर, तो कोण विसरेल? दुसरी खूण २००५ ची, तरुण मंडळाने ऑइल पेंटने रंगवलेली. तिसरी २०१९ ची, ती कुणीच काढली नव्हती, गाळाचाच पट्टा दगडात मुरून राहिला होता.

जीर्णोद्धाराच्या कामात दीपमाळ घासून, दर्जा भरून, रंग देण्याचे ठरले. गवंड्याने पहाड बांधली, २००५ चा रंग खरवडायला सुरुवात केली, आणि त्या दिवशी रजा टाकून मी गावात होतो म्हणून माझ्या दृष्टीस पडले. मी काम थांबवायला सांगितले. मला तसा काही अधिकार नव्हता. त्यावरून समितीच्या तीन बैठका झाल्या आणि त्यांतल्या दोन रात्री बारापर्यंत चालल्या, हे आपल्याला ठाऊक आहेच.

एका सन्माननीय देणगीदारांचे म्हणणे होते, की एवढा पैसा खर्चून देऊळ नवे करतो, मग त्याच्या दारात संकटाच्या खुणा कशाला? लोक इथे मन शांत करायला येतात. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. स्त्रियांपैकी एक वयस्क मावशी म्हणाल्या, की आपण कृष्णामाईची ओटी भरतो, साडी-नारळ पाण्यात सोडतो, ती दारात आली त्याला संकट कसे म्हणायचे? वाडीला पाणी चढून गाभाऱ्यात पादुकांवर येते आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते, तेव्हा लोक त्या पाण्यात स्नान करायला लांबून येतात. दक्षिणद्वार सोहळा म्हणतात त्याला. हेही खरेच.

पण मला खरी अडचण घातली ती आबांनी. सगळे बोलून झाल्यावर ते म्हणाले, "खूण काढा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या. पर त्या खुणंनंच माझी म्हस नेली." सगळे माझ्याकडे बघायला लागले. खुणा राखा म्हणणारा मी, आणि खुणेवर भरवसा ठेवून बापाला चुकीचे सांगणाराही मीच. त्या रात्री मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या बैठकीला मी कचेरीतल्या सवयीने कागदावर लिहून नेले. लिहिले ते असे, की खुणेने फसवले नाही. एकच खूण होती, आणि ती आम्ही शेताच्या बांधासारखी धरली. बांध सरकत नाही, पाणी सरकते. एका शेजारी एक चार-पाच खुणा सालासकट दिसल्या असत्या, तर हा पूर त्याच्यापेक्षा वर, तो याच्यापेक्षा खाली, असे आमच्या लक्षात आले असते आणि पुढचा कुठे येईल हे कुणीच छातीठोक सांगितले नसते. नुसते साल नको, तर त्या दिवशी आयर्विन पुलाची पातळी किती होती तेही लिहावे. म्हणजे रेडिओवर किंवा मोबाइलवर सांगलीचा आकडा आला, की आपल्या पोराला दीपमाळेकडे बघून समजेल, पाणी चावडीपर्यंत येणार की शाळेच्या पायरीपर्यंत. कोयनेतून सोडलेले पाणी सांगलीत यायला दिवस-दीड दिवस लागतो. त्यातून पुढे आपल्याकडे यायला आणखी वेळ. एवढा वेळ कोकणातल्या लोकांना मिळत नाही, आपल्याला मिळतो. दोन म्हशी चालत जयसिंगपूरला न्यायला तो भरपूर होतो.

वर चिखली-आंबेवाडीच्या लोकांना १९८९ च्या महापुरानंतर सोनतळीला उंचावर जागा मिळाल्या. तरीही कित्येकांची जुनी घरे, गोठे, शेती खालीच राहिली आणि दर मोठ्या पुराला ती मंडळी सामान बांधतात. त्यांना कुणी हसू नये. काळी जमीन खाली आहे, पोट तिच्यावर आहे, माणूस वर जाऊन खाणार काय? आपले गावही उठून कुठे जाणार नाही. जाणार नसू, तर पाणी किती येऊ शकते हे रोज डोळ्यांसमोर असलेले बरे, असे मी लिहिले होते.

तिसऱ्या बैठकीत ठराव झाला. ज्या देणगीदारांनी आक्षेप घेतला होता त्यांनीच तांब्याच्या पट्ट्यांचा खर्च उचलला, हे त्यांच्या मोठेपणाला शोभणारे आहे. त्यांच्या इच्छेनुसार पट्ट्या दीपमाळेच्या उत्तरेच्या अंगाला, नदीकडच्या बाजूस बसवल्या आहेत. म्हणजे दर्शनाला येणाऱ्याच्या एकदम डोळ्यांत येत नाहीत, आणि बघायच्या त्याला दिसतात. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्हींवर साल, तिथी आणि सांगलीची पातळी कोरली आहे. २०२४ च्या जुलैत कोल्हापूरला पंचगंगा ४७ फुटांच्या पुढे गेली होती, पण आपल्या दीपमाळेच्या जोत्याला पाणी लागले नाही, म्हणून तिची पट्टी नाही. जुन्या खाचेला हात लावलेला नाही. तिच्या शेजारी फक्त "जुनी खूण, साल अज्ञात" एवढेच लिहिले आहे. १९१४ लिहावे असा माझ्या घरच्यांचा आग्रह होता, तो मी स्वतःच मागे घेतला.

पट्ट्या बसवण्याच्या दिवशी गवंड्याने विचारले, की २०१९ च्या वर दीपमाळेला नक्षीची एक पट्टी घेऊ का, मोकळे दिसते. आबा तिथेच होते. त्यांनी काठीने वरची जागा दाखवली आणि म्हणाले, "ते मोकळंच ऱ्हाऊ दे." त्यामुळे तिथे दोन हात दगड नुसता घासून स्वच्छ ठेवला आहे. उद्या सकाळी कलशाची मिरवणूक निघण्याआधी उजेडात ज्यांना बघायचे असेल त्यांनी मागच्या अंगाने यावे. आबा आणि मी तिथे आहोत.